लोकार्पणाची वाट पाहणारे कुलूप

माझ्या किल्लीच्या छिद्रात एका कुंभारमाशीने घर केले आहे. ओल्या मातीचे बारीक गोळे तोंडात धरून ती एकेक खेप करत होती. छिद्राच्या आतल्या बाजूने तिने माती लिंपत आणली आणि शेवटी वर गुळगुळीत झाकण बसवले. ही माशी घर बांधण्याआधी जागेभोवती बराच वेळ घिरट्या घालते. रोज उघडझाप होणाऱ्या वस्तूत ती सहसा अंडी घालत नाही. मला तिने निर्धास्तपणे निवडले.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जिथे बाजारात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात कानावर पडतात, अशा एका लहान शहराच्या बाजारतळावर मी लटकलेले असते. माझ्या दारावर 'महिला स्वच्छतागृह' असे निळ्या अक्षरांत लिहिले आहे. दार नवे आहे. आतल्या फरशा, नळ आणि वरची पाण्याची टाकी, सगळे नवे आहे. जुने काय ते मीच.

माझा जन्म दूर अलिगढच्या एका लहान कारखान्यात झाला. साच्यात पितळ ओतले, थंड झाल्यावर कानशीने घासले, आत पट्ट्या आणि स्प्रिंग बसवली. मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानाशी धरून किल्ली फिरवली. आवाज त्याच्या मनासारखा येईना, म्हणून त्याने मला पुन्हा उघडून एक पट्टी किंचित घासली. दुसऱ्या वेळी त्याने मला सरळ तयार मालाच्या पेटीत टाकले. ती माझी पहिली शाबासकी.

नगरपरिषदेने मला दवाखान्यासाठी विकत घेतले. तिथले कंपाउंडर बसवराज रोज सकाळी मला उघडत आणि संध्याकाळी लावत. दर खंडेनवमीला ते माझ्यात तेलाचा थेंब सोडत, कपाळावर हळदकुंकू लावत आणि म्हणत, "हे कुलूप कधी अडत नाही." कुलपाचे काम बंद ठेवणे आहे असे लोक समजतात. मला तसे वाटत नाही. बंद ठेवायला भिंतसुद्धा पुरते. योग्य वेळी उघडणे, हे कुलपाचे काम. त्या वर्षांत ते मी रोज केले. माझ्यामागून औषधे बाहेर गेली, रडणारी मुले आत आली आणि लिमलेटची गोळी चघळत परत गेली.

दवाखाना नव्या इमारतीत गेला, तिथे शटर आले. बसवराज निवृत्त झाले. मी भांडारातल्या खणात खिळ्यांबरोबर पडून राहिले.

पुढे बाजारतळाचे नूतनीकरण निघाले. खरे ते सांगायला हवे, काम चांगले झाले. पूर्वी पावसाळ्यात इथे घोट्यापर्यंत चिखल व्हायचा, आता सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. भाजीवाल्यांना ओटे मिळाले, दिवे लागले, पाण्याची टाकी आली. आणि एका कोपऱ्यात हे स्वच्छतागृह उभे राहिले. ठेकेदाराने काम सोपवले त्या दिवशी घाईघाईने मला खणातून काढून या दाराला लावले. "उद्घाटनापर्यंत असू दे, चार दिवसांचा तर प्रश्न," असे कोणीतरी म्हणाले. माझी किल्ली लाल फितीत बांधून, नवी कात्री आणि नारळासोबत तबकात ठेवली गेली.

उद्घाटन कोणाच्या हस्ते करायचे यावरून आधी दोन पुढाऱ्यांत वाद झाला. तो मिटेपर्यंत आचारसंहिता लागली. ती उठली तर सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रशासक बदलले. दरम्यान नगरपरिषदेचे कार्यालय रंगवायला काढले, कपाटे हलवली, आणि ते तबक कुठे गेले ते कोणालाच सांगता येईना. नारळ बहुधा कोणीतरी खाल्ला असावा.

दर बुधवारी माझ्यासमोरच्या ओट्यावर गंगम्मा बसते. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून ती वांगी, अंबाडी आणि चाकवत घेऊन पहाटेच्या गाडीने येते, दिवस मावळताना परत जाते. शेजारच्या ओट्यावर तानाबाई असते. ती कोरड्या रानातली, मेंढरे राखणाऱ्या घरातली. अंडी आणि मटकी विकते आणि दिवसभर बोलते. दोघींची पाण्याची बाटली एकच. तानाबाई ती पिते, गंगम्मा नुसते ओठ ओले करते.

"अक्का, पी की गं घोटभर. उन्हानं जीभ बाहेर आलीया तुझी."

"बेडा गं, नको. प्यायले तर जाऊ कुटं?"

तानाबाईची बहीण बाजारामागच्या गल्लीत राहते, म्हणून तानाबाईला जायला घर आहे. गंगम्माला नाही. पुरुषांना तर अडचणच नाही. ते या स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीशी उभे राहतात. मी पुढच्या दाराला आहे, पण वारा फिरला की मला ते कळते.

गेल्या वर्षी गंगम्माच्या कुशीत कळा येऊ लागल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी मूतखडा सांगितला. दिवसभर भरपूर पाणी प्यायचे, नाहीतर मूत्रपिंडाला धोका. ही गोष्ट तिने तानाबाईला सांगितली आणि तानाबाईने मुकादमाला.

मल्लप्पा हे सफाईचे मुकादम. माणूस वाईट नाही. बाजार उठल्यावर सगळी जागा झाडून होईपर्यंत ते घरी जात नाहीत. पण माझ्यासमोर आले की ते नजर खाली घालतात.

"मुकादम, कवा उघडायचं हे?" तानाबाई विचारायची.

"किल्ली घावली की लगेच."

"किल्ली नसंल तर तोडा की."

"सरकारी मालमत्ता हाय ती, तानाबाई. भारतचं काय झालं ठावं हाय न्हवं?"

भारत हा त्यांचाच एक कामगार. गल्लीत साथ पसरली तेव्हा जंतुनाशक पावडर मिळावी म्हणून त्याने भांडाराचे कुलूप तोडले होते. चौकशी लागली, कित्येक महिने तो घरी बसला. मल्लप्पांची निवृत्ती आता जवळ आली होती. त्यांची भीती मला समजत असे.

"मग तुमी बी आमच्यावाणी दिवसभर कोरडं बसून बघा," तानाबाई म्हणायची. "न्हायतर तुमाला काय, भिंत हाय की!"

आजूबाजूच्या बायका हसायच्या. मल्लप्पाही हसायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे.

मित्रांनो, मला थकवा कशाचा आला आहे, ते सांगते. गंजाचा नाही, पितळ तसे टिकते. मला थकवा आला आहे तो फोटोंचा. दर वर्षी वर्षभराच्या कामांचा आढावा निघतो, तेव्हा या इमारतीचा नवा फोटो काढतात. त्याआधी दार पुसतात, मला पुसतात. फलकाची दोरी बांधायला दुसरे काही नसले, तर माझ्याच कडीत अडकवतात. फलकावर लिहिलेले असते, 'काम पूर्ण. लोकार्पण लवकरच.' त्यात खोटे एकही अक्षर नाही. काम पूर्णच आहे. फोटोतही मी नीट दिसते, अगदी मधोमध. माझ्याकडे कोणी पाहत नाही, एवढेच. तुम्ही मोठे झाल्यावर कशाला तरी कुलूप लावाल. लावा, पण दाराबाहेर कोण उभे राहणार आहे, हे आधी पाहून घ्या. आणि एखादे काम पूर्ण झाले असे कोणी सांगितले, तर ते वापरणाऱ्याला जाऊन विचारा.

आजच्या बुधवारी आढाव्याचा कार्यक्रम बाजारतळावरच होता. मांडव घातला होता, खुर्च्या होत्या. नगरपरिषदेचे नवे साहेब ध्वनिक्षेपकावरून एकेक काम वाचत होते. ते नुकतेच बदलून आले होते, कागदावर जे होते ते वाचत होते. दिवे, ओटे, ठोकळे. त्यावर टाळ्या झाल्या, आणि त्या रास्त होत्या. मग आमचा क्रमांक आला. "महिला स्वच्छतागृह, काम पूर्ण. लोकार्पण लवकरच."

त्याच वेळी माझ्यासमोर गंगम्मा तिची तागडी पुसत होती. पारडी एकात एक ठेवून तिने ती तानाबाईच्या पाटीत ठेवली.

"हे काय?"

"ठेव तुला. पुढल्या बुधवारपासनं मी न्हाय येत."

"येडी का काय? माळवं कोण इकणार तुजं?"

"यापारी येतोय बांधावर. देईल ते घ्यायचं." तिने कुशीवर हात दाबला. "काल परत कळ आली. डॉक्टर म्हणाला, बाजार सोड न्हायतर पाणी पी. पाणी पिणं माज्या हातात न्हाय."

पाटीतल्या तागडीवर हात ठेवत तानाबाई म्हणाली, "मग मी भांडायचं कुणासंगं गं, अक्का?"

मल्लप्पा दोन हात अंतरावर उभे होते. फलकाची सुटलेली दोरी माझ्या कडीत बांधायला ते आले होते. दोरी त्यांच्या हातातच राहिली. त्यांनी तागडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. या वेळी त्यांनी नजर खाली घातली नाही.

"गुंडा," त्यांनी घंटागाडीच्या चालकाला हाक मारली. "गाडीतली पहार आण."

"गटार तुंबलं व्हय?"

"आण म्हणतो न्हवं."

गुंडा पहार घेऊन आला आणि मुकादम कुठे पाहत आहेत ते पाहून जागच्या जागी थांबला. "मुकादम, तुमचं थोडंच राहिलंय. पेन्शन अडकंल. साहेब हितंच हायती, इचारू तरी."

"लई वर्सं इचारलं."

"आन् कुणी इचारलं, कुणी सांगितलं म्हणून?"

मांडवात टाळ्या थांबल्या होत्या. साहेब कागद उलटत होते, त्यामुळे बाजारात क्षणभर शांतता होती. मल्लप्पांनी दोरी खाली टाकली. त्यांचा आवाज एरवी बारीक, पण तो मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला.

"मल्लप्पानं सांगितलं म्हण. तोड कुलूप."