चौऱ्याऐंशीच्या आत

कोट्रेशनं चपला काढल्या, कमरेचा पट्टा काढला. मोबाईल, किल्ल्या, पाकीट सगळं बायकोच्या ओंजळीत टाकलं आणि गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून तो काट्यासमोर घुटमळला.

"ते राहू द्या हो," सिस्टर हसली. "देवाचं वजन आम्ही धरत नाही."

तो चढला. आकडे थरथरले आणि थांबले. ब्याऐंशी.

दाक्षायणीनं ओंजळ छातीशी घट्ट धरली. उन्हाळ्यात पहिल्यांदा आले तेव्हा तो ब्याण्णव होता. चौऱ्याऐंशीच्या आत या, मगच बायकोला मूत्रपिंड देता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दाक्षायणी पाचवीला गणित शिकवायची. तिनं घरी नवऱ्याला समोर बसवून बीएमआय समजावला. किलोंना मीटरमधल्या उंचीनं भागायचं, जे येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं. उत्तर तिसाच्या आत हवं.

"तेविसाच्या आत आलं तर तब्येत ठणठणीत म्हणतात," ती म्हणाली होती. "ते काही तुमच्याच्यानं ह्या जन्मी व्हायचं नाही. आपण तिसापुरतं बघू."

सासूबाईंनी तर लोण्याचं मडकंच शेजारणीकडे नेऊन ठेवलं. "बोट जरी बुडवलंस ना कोट्र्या, तर माझ्याशी गाठ आहे!" पण तशी वेळच आली नाही. तो ज्वारीची भाकरीसुद्धा अर्धी टाकून उठायचा. रोज सकाळी घरच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहायचा आणि दाक्षायणी आकडा मोठ्यानं वाचायची. माझ्यासाठी उपाशी राहतोय बिचारा, असं तिला वाटायचं.

"आता ते एकटेच आत जातील," सिस्टर म्हणाली.

तो इथला नियमच होता. देणाऱ्याशी मी एकटीच बोलते, मनात नसेल त्याच्याकडून मी काही घेत नाही, आणि आतलं बोलणं बाहेर जात नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा कोट्रेश हसला होता. "बायको आहे मॅडम माझी. दोन्ही काढा की!"

आज तो गळ्यातली डबी मुठीत धरून आत गेला.

ती बाकावर बसली. डायलिसिससाठी शीर धमनीला जोडलेल्या डाव्या हातात रक्ताची नेहमीची गुणगुण चालू होती. ब्याऐंशी झाले, आनंद व्हायला हवा, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. दार बराच वेळ बंद राहिलं.

मग तिलाही बोलावलं.

"दाक्षायणी, वाईट वाटतं सांगायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांचा बीएमआय बसत नाही. अजून तिसाच्या वर आहे. यांचं मूत्रपिंड घेता येणार नाही. रांगेत तुमचं नाव आहेच, वाट बघू."

कोट्रेश शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता.

गणिताच्या बाईंची खोड जात नाही म्हणतात. तिनं मनात भागाकार मांडला. ब्याऐंशी किलो, उंची एक मीटर अडुसष्ट. एकोणतीस. पुन्हा करून पाहिला. एकोणतीसच. पाचवीतलं ढब्बू पोरसुद्धा चुकलं नसतं.

तिनं तोंड उघडलं. मग तिला त्याचे खांदे दिसले. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. माणूस पथ्यानं वाळलाच नव्हता. भीतीनं वाळला होता, महिनोन्‌महिने, तिच्या डोळ्यांदेखत.

राग यायला हवा होता. आला नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"बरं, मॅडम," ती म्हणाली.

समोरच्या हॉटेलात तिनं त्याच्यासाठी लोणी डोसा मागवला. "लोणी जास्त घाला हो यांच्या डोशावर."

"नको गं," तो म्हणाला, पण ताटली आल्यावर त्यानं मान वर केली नाही. चटणी संपली, बटाट्याची भाजी संपली. तिच्याकडे न बघताच त्यानं दुसरा सांगितला. किती दिवसांनी त्याला अशी भूक लागली होती!

फोन वाजला. आईचं नाव बघून त्यानं तो तिच्यापुढे सरकवला.

"काय म्हणाली गं ती बाई?" सासूबाई ओरडूनच बोलायच्या. त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"वजन बसलं नाही, अत्ते. थोडक्यात हुकलं."

"मेला खादाड! बाहेर चोरून हादडत असणार. दे त्याला, चांगली खरडपट्टी काढते."

"नका बोलू त्यांना. त्यांनी पुष्कळ केलं."

कोट्रेशचा घास तोंडातच राहिला. रोज सकाळी आकडा वाचणारी हीच होती. चौऱ्याऐंशीच्या आत म्हणजे काय, हे त्याला हिनंच शिकवलं होतं. दिवसभरात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"दाक्षा..."

तिनं फोन बंद करून ताटली त्याच्याकडे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "लोणी थिजतंय."