डेल्मरची माशी

आर्डिथला आताशा कशाचाच उत्साह उरला नव्हता. मान आखडलेली, डोळे चुरचुरणारे, आणि समोर सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीला टोचलेली आणखी एक गांधीलमाशी. आयुष्यभर तिने किड्यांना दुसऱ्यांनी दिलेली नावं खोडली होती. कुणी मोठ्या थाटात नवी जात जाहीर करायचा, आणि ही बाई चार ओळींत तिचा निकाल लावायची. त्यामुळे अमेरिकेत युटातल्या तिच्या विद्यापीठात तिला मान भरपूर होता, जेवायला बोलावणारं मात्र कुणी नव्हतं.

आणि आता एक नवी जात तिलाच हवी होती, भावासाठी.

डेल्मर तिचा थोरला भाऊ. डेल्टा गावाजवळ काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवण्यात त्याचा जन्म गेला. बायको वारली त्या उन्हाळ्यात तो खोलीबाहेर पडेना, तेव्हा आर्डिथने त्याच्या हातात जाळं दिलं आणि त्याला वाळूच्या टेकड्यांवर पिटाळलं. "माणसं नको झाली असतील तर माशा बघ," असं म्हणाली. त्याने खरंच बघितल्या. ही माशी एकटीच राहते. वाळूत बीळ खोदते, अळीला डंख मारून लुळी करते, ओढत आणून बिळात घालते, तिच्यावर एक अंडं घालते आणि खड्याने दार बुजवून निघून जाते. डेल्मर दिवस दिवस पोटावर पडून ते बघत राही. त्या उन्हाळ्यात तो तगला तो या माशांमुळे, असं आर्डिथचं ठाम मत होतं.

त्याने पकडून पाठवलेल्या माशा नेहमीच्या जातीपेक्षा बारक्या होत्या. पाठीवरच्या रेषा पुसट, खांद्याजवळचा रुपेरी लवेचा ठिपका गायब. बरीच वर्षं त्या खणात पडून राहिल्या. यंदा डेल्मरच्या फुप्फुसांनी हात टेकले, तेव्हा आर्डिथने त्या बाहेर काढल्या, वर्णन लिहायला घेतलं, आणि फोनवर त्याला सांगूनही टाकलं की या जातीला तुझं नाव देणार. सांगायला नको होतं. काम पुरं होण्याआधी तोंड उघडू नये, हे तिने किती पोरांना दटावून सांगितलं होतं.

वर्णन झालं. राहिलं होतं फक्त एक खोकं. नेवाडातल्या एका संग्रहालयाने नेहमीच्या जातीच्या माशा तुलनेसाठी पाठवल्या होत्या. खोकं बरेच दिवस टेबलाच्या कोपऱ्यात तसंच होतं. ते न उघडता लेख छापायला धाडला असता तरी कुणी विचारलं नसतं. शेवटी स्वतःवरच वैतागून तिने ते उघडलं.

सगळ्या माशा तिने मोठीपासून बारकीपर्यंत ओळीने लावल्या, आणि शेवटी डेल्मरच्या. मध्ये कुठेच फट नव्हती. ठिपका हळूहळू लहान होत गेला आणि नाहीसा झाला. रेषाही तशाच पुसट होत गेल्या. बारक्या माशांच्या टाचण्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांवर पकडल्याची वर्षं तिने पाहिली, तर सगळी दुष्काळाची. पाऊस नाही त्या वर्षी अळ्या नसतात. मग आई मिळेल तेवढं बिळात घालते आणि दार लावून घेते. आतलं पिल्लू तेवढ्यावरच वाढतं. डेल्मरची नवी जात म्हणजे अर्धपोटी राहिलेली जुनीच माशी होती.

"झालं," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. रडू यावं एवढीही ताकद तिच्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून ती डेल्टाला गेली. दार डेल्मरच्या मुलीने, जनीनने उघडलं.

"बरं झालं आलीस, आत्या. सकाळपासून भुणभुण चाललीय बाबांची, आर्डी आली का, आर्डी आली का."

डेल्मर नाकात ऑक्सिजनची नळी घालून पडला होता.

"या, विदुषी," तो म्हणाला. "माझी माशी काय म्हणते?"

वाटभर आर्डिथने खोटं घोकलं होतं. "छान आहे," ती म्हणाली.

"तुझं थोबाड तर वेगळंच सांगतंय."

मग तिने सगळं सांगितलं. डेल्मर छताकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे उपाशी होत्या."

"हो."

"वेगळ्या बिगळ्या काही नाहीत."

"नाही रे."

"थोडे दिवस थांबली असतीस तर मी खपलोच असतो. तेवढं नाही जमलं तुला?"

"खोटं बोलायलाच आले होते. नाही जमलं."

"तुला कधी जमलं? लहानपणी माझ्या चुगल्याही तूच करायचीस." त्याला धाप लागली, तो थांबला. "मला हवं होतं गं ते नाव. जन्मभर लोकांचे रस्ते सपाट केले. पुढच्या वादळात परत खड्डे. काहीतरी माझं म्हणून राहील असं वाटलं होतं."

आर्डिथला फार वाईट वाटलं. तिने त्याचा हात हातात घेतला. त्याने तो काढून घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात जनीन हिरव्या जेलीच्या वाट्या आणि कागद-पेन घेऊन आत आली.

"आत्या, आलीच आहेस तर एक काम उरकू. अंत्यविधीला चर्चमध्ये बाबांबद्दल जे वाचायचं ते आधीच लिहून ठेव, असं त्यांनीच मला सांगितलंय. माझ्या पश्चात तू रडत बसशील आणि भलतंच लिहिशील, म्हणे. बाकी सगळं झालंय, माशीचं तेवढं राहिलंय. 'त्यांच्या नावाची एक जात आहे,' असं लिहू ना? तू हो म्हटलंस तरच लिहिते."

डेल्मरने भिंतीकडे तोंड वळवलं. त्याने काही मागितलं नाही.

आर्डिथ पहिल्या बाकावर बसणार होती. सगळं गाव ते ऐकणार होतं, आणि नंतर अंत्यविधीच्या जेवणात बटाट्यांची ताटं हातात धरून एकेक जण येऊन तिलाच विचारणार होता, खरंच का हो? पुढेही कुणी ना कुणी विचारतच राहणार होतं, आणि दर वेळी तिला हो म्हणावं लागणार होतं.

तिने जेलीची वाटी घेऊन मांडीवर ठेवली.

"लिही," ती म्हणाली.