पाण्यातलं ऑइल

"त्या भोकात कितीही बघितलंस तरी ते काही बोलणार आहे का? लाव ते झाकण आणि चल जेवायला," आई कानाशी पुटपुटली.

इतकी जवळ उभी होती, की तिचा श्वास धाकटीच्या मानेला लागत होता. एरवी आई गॅरेजमध्ये यायची ती नाकाला रुमाल लावून, आणि तेही जेवणाची वेळ टळून गेली तरच. आज सकाळपासूनची ही तिची तिसरी फेरी होती.

धाकटीने मान वर केली नाही. समोर बाबांची सव्वीस वर्षांची निळी गाडी बॉनेट उघडून बसली होती, डॉक्टरपुढे आ करून बसावं तशी. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत स्वच्छ हिरवं पाणी दिसायला हवं होतं. त्याऐवजी कॉफीवर येतो तसा तपकिरी फेस काठाला चिकटला होता, आणि वर तेलाचे डोळे तरंगत होते.

पाण्यात ऑइल. इंजिनात ही दोघं शेजारी राहतात, पण त्यांच्यात बोलणंचालणं नसतं. मध्ये गॅस्केटची पातळ भिंत असते. ती फुटली, की एकमेकांच्या घरात घुसतात आणि इंजिनाचं वाटोळं होतं.

"हेड गॅस्केट!" शेजारच्या दुकानातला पेंटर आत डोकावून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याला कधीच कोणी विचारत नसे, त्यामुळे त्याला सवय झाली होती. "गेली गाडी. भंगारवाल्याला फोन लावू का?"

"तू आधी तुझ्या रंगाचं बघ," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा कडाडले. "एका गाडीला दोन पांढरे लावलेस म्हणे. सगळी गल्ली हसतेय."

"दोन नाही, वस्ताद. उन्हात वेगळा वाटतो, एवढंच."

बाबांना सगळे वस्ताद म्हणत. चाळीस वर्षं हे गॅरेज त्यांनी चालवलं, मग चाव्या धाकटीच्या हातात दिल्या आणि खुर्ची मात्र स्वतःकडे ठेवली. येत्या रविवारी ते आईला घेऊन थोरलीकडे निघणार होते. घाट ओलांडून चार तासांचा रस्ता. थोरलीला मुलगी झाली होती आणि आजोबा नातीला बघायला स्वतः गाडी चालवत येणार, हे त्यांनी दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि धाकटीला धास्ती होती ती त्या घाटाचीच. मागच्या महिन्यात बाबांनी दारामागच्या कोटाला "उजेडातून जरा बाजूला हो" असं सुनावलं होतं. सगळे हसले. बाबाही हसले. पण हसताना आईने कोणाकडे बघितलं नाही, आणि नंतर तो कोट तिथून गुपचूप हलला. स्क्रू हल्ली भलत्याच खणात सापडायचे. पेपर आई मोठ्याने वाचायची, "आवाज मोकळा राहतो" म्हणून. घरात ज्याला त्याला सगळं माहीत होतं आणि तोंडातून ब्र कोणी काढत नव्हतं. ज्या माणसाने आपल्याला पाना धरायला शिकवलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून टाकीतला तो फेस बघून धाकटीला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. गॅस्केट गेलं असेल तर इंजिन उघडायला लागेल. रविवारपर्यंत काही ते होत नाही, कदाचित कधीच होत नाही. मग कोणालाच काही बोलायला नको. सगळ्यांच्या वतीने गॅस्केटच बोलून गेलं असतं.

पण हाताला खोटं काम ठाऊक नव्हतं.

तिने टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला, दाब दिला आणि पंपाच्या काट्याकडे बघत चहा घेतला. भिंत फुटली असती तर काटा खाली घसरला असता. अर्ध्या तासाने काटा होता तिथेच, हू की चू न करता. तिने प्लग काढले. चारही कोरडे ठणठणीत, पाण्याचा थेंब नाही. मग इंजिन चालू करून टाकीवर तपासणीची नळी धरली. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असता तर नळीतलं निळं द्रव पिवळं पडलं असतं. ते निळंच राहिलं.

"थोडंसुद्धा पिवळं नाही?" पेंटरने हिरमुसून विचारलं आणि तो निघून गेला.

इंजिन बंद करून थोडं थांबल्यावर धाकटीने ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल काळं होतं, पण त्यात पाण्याचा मागमूस नव्हता. फक्त खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"बाबा, मंगळवारी ऑइल कमी झालंय म्हणाला होतात. मग घातलंत ना?"

"घातलं की. चांगलं अर्धा लिटर."

"मग गेलं कुठे?"

"वरण... काय ते, जेवण निवतंय," आई म्हणाली.

धाकटीने मोठ्या सिरिंजने टाकीच्या वरवरचं ओढून काचेच्या बरणीत सोडलं आणि बरणी खिडकीत ठेवली. हळूहळू पाणी खाली बसलं आणि वर मधासारखा पिवळाधमक थर आला. ती बघतच राहिली. पट्टीवरचं ऑइल डांबरासारखं काळं, आणि हे असं सोन्यासारखं? तिने बरणी बाबांकडे नेली.

बाबांनी बरणीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं.

"हे इंजिनात गेलेलंच नाही. कोरं आहे. सरळ डब्यातून..."

आणि त्यांचं बोट अंगठ्यावरच थांबलं.

म्हणजे गॅस्केट शाबूत, इंजिन शाबूत. फळीवरच्या डब्यातून कोणीतरी ऑइल सरळ पाण्याच्या टाकीत ओतलं होतं. तीनदा धुऊन काढलं की गाडी रविवारी घाटच काय, डोंगरही चढली असती. इतकी चांगली बातमी धाकटीने आयुष्यात इतक्या वाईट चेहऱ्याने कधी ऐकली नव्हती.

"मीच ओतलं असणार," बाबा म्हणाले. "होतं असं. वय झालं."

"तुम्ही?" धाकटी म्हणाली. "तुम्हाला डबा उघडल्याबरोबर वासावर कळतं आत काय आहे ते. आत्ता एका बोटावर सांगितलंत. तुम्ही नाही ओतलंत, बाबा."

"अगं, म्हटलं ना मीच..."

"उगाच काय स्वतःवर घेता!" आई एकदम उसळली. "चाळीस वर्षांत यांच्या हातून असली चूक झालेली नाही, आणि उद्या तो पेंटर गल्लीभर सांगत सुटेल. मी ओतलं. झालं समाधान?"

"तू?" धाकटीने कपाळाला हात लावला. ज्या बाईने सव्वीस वर्षांत या बॉनेटला बोट लावलं नव्हतं, ती बाई. "तू कशाला गेलीस ओतायला?"

"हेच म्हणाले, उजवीकडचं काळं झाकण. मी उजवीकडच्याच काळ्या झाकणात ओतलं."

"माझं उजवं गं! तुझं नाही!"

"मला काय ठाऊक तुमचं उजवं कुठलं! तुम्ही दिव्यांपाशी, मी चाकापाशी. सरळ सांगायचं ना, हे नाही, ते!"

"अगं, ऑइलच्या झाकणावर चित्र आहे!"

"पुसलंय ते चित्र! सव्वीस वर्षांत राहतंय होय! तुम्ही म्हणालात, ओत, बिनधास्त ओत. मी बिनधास्त ओतलं!"

धाकटीला हसू आवरेना. दोघंही लालबुंद झाली होती आणि कित्येक दिवसांत इतकी मोकळेपणाने भांडली नव्हती. हसता हसता तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "पण बाबा, तुम्ही समोरच उभे होतात की. ही भलत्याच भोकात ओततेय, ते दिसलं नाही तुम्हाला?"

शेजारी पेंटरचा रंग फवारायचा पंप नेमका तेव्हाच बंद पडला.

"त्यांचं लक्ष नव्हतं," आई घाईघाईने म्हणाली. "फोन आला होता. आणि उन्हाची तिरीप... आणि मीच मध्ये उभी होते ना, अशी, आडवी..."

"पुरे गं," बाबा म्हणाले. त्यांनी बोटावरचं ऑइल पॅंटला पुसलं, जे आईला एरवी अजिबात खपत नसे. ते धाकटीच्या आवाजाच्या दिशेने वळले. थोडे चुकले, मग बरोबर आले.

"मला दिसत नाही, बाळ. रविवारी गाडी तू चालव."