पाच सेकंद आणि हौसाआत्यांची गाणी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि पनवेलच्या एका घरात माळ्यावर पडून आहे. कॉम्प्युटरला मन नसतं म्हणे. नसेल! पण आठवण असते, आणि माझी अर्धीच उरली आहे.

१९९८ साली कमळाकर यांनी मला आणलं ते मुलगी दिपिका हिच्या कॉलेजसाठी. धाकटा प्रितम मात्र माझ्यावर गेम खेळायला टपलेला. जागा कमी पडली की ताईच्या फाइल्स बेधडक उडवायचा. म्हणून दिपिकाने मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवरून माझ्या डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. सुरू होताना मी विचारायचो, कुठे जायचं? पाच सेकंद थांबायचो. कोणी 'लिनक्स' टाइप केलं नाही, तर मी आपला विंडोजमध्ये. तिथून दुसरा भाग दिसायचाच नाही.

त्या भागात काय होतं, सांगू? हौसाआत्यांची गाणी. आत्या म्हणजे कमळाकर यांची थोरली बहीण, आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नगीतं, गाणाऱ्या धवलारीण. त्यांच्या गाण्याशिवाय हळद लागायची नाही. पण वय झालं तशी त्यांना सुरुवात आठवेना. पहिली ओळ कोणी दिली, की पुढचं सगळं आपोआप यायचं. त्या माझ्याशेजारी पाटावर बसून गायच्या आणि दिपिका इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. एक्केचाळीस गाणी झाली, तेव्हा आत्यांनी मला हळदीचं बोट लावलं.

"माजी समदी याद आता या खोक्यान हाय," त्या म्हणाल्या.

इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढच्या वर्षी दिपिका लग्न होऊन आपट्याला गेली. गाणी फ्लॉपीवर उतरवायची त्या धांदलीत राहून गेली. मग रोज मी पाच सेकंद तिची वाट पाहायचो. अर्ध्या अंगात प्रितमच्या मोटारींच्या शर्यती, अर्ध्यात सामसूम. फार एकटं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत डिस्क तपासायच्या एका प्रोग्राममध्ये प्रितमला तो भाग सापडला.

"बाबा, अर्धी डिस्क रिकामीच हाय! ताईच्या कॉलेजचा कायतरी असल."

"मंग पूस," कमळाकर पेपरातून मान न काढता म्हणाले.

ताईला एक फोन करायला काय झालं होतं? प्रितमने फ्लॉपी घातली आणि तो भाग फॉरमॅट केला. मला सुरू करणारा प्रोग्रामही तिथेच होता, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. पुन्हा बटण दाबलं, तर काचेवर एल आणि आय ही दोन अक्षरं उमटली आणि मी तिथेच अडकलो.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. शेजारच्या हळदीला धवले गायचे होते, म्हणून आत्या आल्या. त्यांच्यासाठी दिपिकाही आपट्याहून आली. तिने ती दोन अक्षरं पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"प्रितम, काय पुसलंस?"

"मला वाटलं, रिकामाच हाय," प्रितम रडवेला झाला.

आत्यांना यातलं काही कळलं नाही. त्या नेहमीसारख्या पाटावर बसल्या, पदर सावरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हां, पयलं बोल सांग. मंग मी म्हनतंय."

मित्रांनो, आपल्याला दिसत नाही ते रिकामं, असं समजू नका. पुसण्याआधी एकदा विचारा. माझ्यासाठी नाही, माझ्यासमोर बसलेल्या त्या म्हातारीसाठी सांगतो. पहिल्या ओळीसाठी ती थांबली होती. पाच सेकंदांहून कितीतरी जास्त.