पांढरी पडलेली अंगठी

सासूबाईंना ताप होता, म्हणून धाकटी जाऊ मदतीला राहायला आली होती. थोरलीने सकाळी सासूबाईंच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवताना सोन्याची अंगठी काढून उशाशी वाटीत ठेवली आणि गडबडीत तशीच शाळेत गेली. ती नववीला विज्ञान शिकवायची.

परत येऊन बघते तर अंगठी पांढुरकी. नक्षी तीच, रंग मात्र चांदीसारखा.

"खोलीत कोण आलं होतं?"

"मीच. दुसरं कोण येणार?" जाऊ म्हणाली.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. सोनं हे मूलद्रव्य. ते बसल्या जागी पांढरं कसं होईल? म्हणजे अंगठी बदललेली. हुबेहूब तशीच दुसरी इतक्यात आणली कुठून, हा प्रश्न तिने मनातच दाबला. जेवताना जावेची पर्स उघडी दिसली, तशी तिने आत डोकावून पाहिलं. जावेने पर्स उचलून नेली. थोरलीला ते आणखीच खटकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आवर्तसारणी होती.

"अणूच्या केंद्रकात प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्य ठरतं," तिने सांगितलं. "सोन्याचे एकोणऐंशी. एक जरी वाढला, तरी ते सोनं उरत नाही."

"मग ऐंशीवाला कोण?" एका मुलीने विचारलं.

"पारा," ती म्हणाली आणि बोलता बोलता थांबली.

घरी येताच तिने विचारलं, "आई, थर्मामीटर कुठंय?"

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. "फुटला. वाटीच्या कडेवर आपटला. काचा उचलल्या मी. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

थोरलीने खिडक्या उघडल्या, सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवलं आणि टॉर्च घेऊन वाकली. पलंगाच्या पायाशी पाऱ्याचा एक बारीक मणी चकाकत होता.

जाऊ दारात उभी होती.

"अंगठी तीच आहे," थोरली म्हणाली. "वरच्या थरात पारा मिसळलाय. सोन्याचे अणू सोन्याचेच आहेत." मग खालच्या आवाजात, "मला तुझा संशय आला होता. चुकलं माझं."

"कळलं होतं मला. सरळ विचारलं असतंत ताई, तर बरं वाटलं असतं."

सासूबाई बऱ्या होईपर्यंत जाऊ राहिली. कामात कुठे कमी पडली नाही, पण थोरलीशी कामापुरतंच बोलली.