चार सेकंदांचा टायमर

अरे ऐका ना, पण हसू नका हं. माझी आत्या लाँड्रीत आहे ना, चादरी पिळायच्या मोठ्या मशीनवर? तिथली मोटर एकदम पूर्ण जोरात सोडली तर सहापट करंट खेचते. म्हणून आधी स्टारमध्ये, म्हणजे दमादमानं फिरवायची आणि वेग आला की डेल्टात टाकायची, मग पूर्ण ताकद. वीस वर्षं आत्या हे हँडलनं करायची, कान लावून. आवाज चढला की खटकन खाली!

आणि मी शहाणा, तिथेच लागलेला नवा नवा वायरमन! म्हटलं, कसलं हँडल घेऊन बसलात, टायमर बसवतो, वेळ झाली की आपोआप डेल्टात जाईल. बसवला. ड्रम रिकामा ठेवून तपासला, चार सेकंदांत पळाली मोटर. लावला चारवर आणि कॉलर ताठ!

दुसऱ्या दिवशी आत्यानं ओल्या चादरी भरल्या, बटण दाबलं. ड्रम जेमतेम हलतोय तोवर धाडकन डेल्टा पडला, फ्यूज उडाला, अख्खी लाँड्री बंद. मॅनेजर आला तो ओरडतच, "बाई, किती कोंबलंत आत?"

मला तेव्हाच कळलं होतं रे. भरल्या ड्रमला पंधरा सेकंद तरी हवेत. पण तोंडातून काय निघावं? "हो साहेब, लोड जास्त झाला."

आत्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, बस. वाकून चादरी काढायला लागली.

तिला घड्या घालायच्या टेबलावर पाठवलं. तिच्या जागी आलेला अर्धाच ड्रम भरायचा, मशीन कशीबशी चालायची, म्हणजे सगळ्यांना वाटलं बाईच चुकल्या. तीन दिवस मी आत्याच्या दारातसुद्धा गेलो नाही. चौथ्या दिवशी राहवेना. ऑफिसात शिरलो, म्हटलं, "साहेब, चूक माझी. टायमर मीच कमी लावला." सगळ्यांसमोर असा सोलून काढला म्हणता! पण आत्याला मशीनवर परत बोलावलं.

मी खाली मान घालून टायमर पंधरावर नेत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"आवाजावरूनच. धड वेग कुठे घेतला होता तिनं!"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काढून टाकलं असतं ना तुला. नवा आहेस, बाळा."

अरे, त्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर परवडलं असतं!