उंबऱ्याची दुसरी बाजू

शिंपीणबाई दारातच ठाण मांडून बसल्या होत्या, आणि पहार घेऊन आलेला गवंडी बिचारा घाम पुसत उभा होता.

त्याला हवा होता त्यांचा उंबरा. टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याची कमान पुन्हा उभी करायची होती, आणि तिचा मधला, बाकीच्यांना धरून ठेवणारा दगड काही केल्या सापडत नव्हता. शोधत शोधत त्याने इथे माप लावलं, ते तंतोतंत जुळलं. आता यात नवल कसलं? सहाशे वर्षांपूर्वी शत्रूने वेढा घालून किल्ला जाळला, आणि उरलेला गावाने घरी नेला. फुकटचा घडीव दगड कोण सोडतो? कुणाच्या हौदात, कुणाच्या जोत्यात, अख्खा किल्ला गावभर नांदत होता.

देऊन टाका, सिमेंटचा नवा करून देतात, असं धाकट्या दिरांनीही समजावून पाहिलं. पण बाईंचं दुखणं वेगळंच होतं. दगडाला मधोमध खळगा पडला होता. तो कितीतरी पिढ्यांच्या पावलांचा असेल, पण बाईंच्या लेखी एकट्या यजमानांचा. रोज संध्याकाळी तिथे टेकून ते बूट काढायचे आणि आत न बघताच "आलो गं" म्हणायचे. आता ते नव्हते. आणि खळगा छिन्नीने सपाट करावा लागेल, असं गवंड्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. तिथेच घोडं अडलं.

शेवटी, खालची बाजू नुसती बघू द्या, मग बळजबरी नाही, अशी तडजोड झाली. गवंड्याने पहार घालून दगड उलटला. खाली दोन पाखरं कोरलेली होती, चोचीला चोच लावून, पीस न् पीस कालच कोरल्यासारखं. लग्न होऊन आल्यापासून बाई त्यांच्यावरून ये-जा करत होत्या.

त्यांनी पंखाच्या खाचेतून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"काजळी आहे," गवंडी हळूच म्हणाला. "किल्ला जळाला तेव्हाची."

बाईंनी बोट उजेडात धरलं. केवढी आग, केवढा आकांत, आणि त्यातलं चिमूटभर इतकी वर्षं आपल्याच दाराखाली! त्यांच्या दुःखाला एकदम सोबत मिळाली.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण खळग्याला छिन्नी लावायची नाही. मागच्या बाजूला तसाच राहू दे. आगीचं राहिलंय, तसं यांचंही राहील."

गवंड्याने मान डोलावली.

दगड गेला, दार ओकंबोकं झालं. बाई मशीनवर येऊन बसल्या. समोर गिऱ्हाइकाचं पांढरंशुभ्र कापड. हात धुवायला उठल्या, मोरीपर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. कापड घडी करून बाजूला ठेवलं, आणि दिवे लागेपर्यंत हात मांडीवर उताणा ठेवून बसून राहिल्या.